गाळाखालचं शून्य

सरकारी नोकरीत दोन गोष्टी आपोआप साचतात. एक गाळ आणि दुसरे किस्से. गाळ उपसायला निदान पोकलेन मागवता येतं. किस्से मात्र चार माणसं जमून चहा आला की स्वतःहूनच वर येतात, आणि एक काढला की त्याच्या बुडाला दुसरा चिकटलेला असतोच!

माझी निम्मी नोकरी पाटबंधारे खात्याच्या पिंपळकुंड बंधाऱ्यावर गेली. नाशिकहून मनमाडकडे निघालात की मध्येच उजव्या हाताला एक कच्चा रस्ता गोदावरीकडे उतरतो, तो थेट आमच्या सेक्शन ऑफिसात. मी तिथे ज्युनियर इंजिनियर. आमच्या खात्यात ज्युनियर इंजिनियरला सगळे 'रावसाहेब' म्हणतात. घरी अजून कोणी म्हटलेलं नाही.

बंधारा बांधला होता पाणी साठवायला. पण नदीने दर पावसाळ्यात वरून एवढी माती आणली की पाण्याऐवजी गाळच साठला. गाळावर पाणकणीस वाढलं, पाणकणसात पाखरं आली, आणि पाखरांच्या मागोमाग गळ्यात दुर्बिणी घातलेली माणसं आली. आम्ही काहीएक केलं नव्हतं. आम्ही जे जे करायला गेलो, त्याचे हे किस्से.

आधी आमच्या डेप्युटी इंजिनियरांची, म्हणजे आहेर साहेबांची ओळख करून देतो. मूळ सटाण्याकडचे. एरवी स्वच्छ ऑफिसातली मराठी, पण संताप आला किंवा जीव भरून आला की अहिराणी! नोकरीला लागले तेव्हा हा बंधारा नवाकोरा होता. भिंतीलगत पाण्याची पातळी मोजायला एक उभी पट्टी असते, तिला आम्ही गेज म्हणतो. सगळ्यात खाली शून्य, मग वर वर फुटांचे आकडे. ती पट्टी उभी करून आकडे रंगवणं हे साहेबांचं नोकरीतलं पहिलं काम. तेव्हाचे मोठे साहेब तपासायला आले, खाली वाकले आणि सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, "आहेर, तुम्हाला शून्यसुद्धा गोल काढता येत नाही?"

आमच्या साहेबांचं म्हणणं, शून्य गोलच होतं! पण सिद्ध कसं करणार? नव्वदच्या सुमाराला ते डेप्युटी होऊन परत आले तेव्हा शून्य केव्हाच गाळाखाली गेलं होतं. पट्टीचा पाच फुटांपर्यंतचा भाग मातीत आणि वरचा तेवढा बाहेर. मी हजर झालो त्या दिवशी त्यांनी मला बांधावर नेलं, पट्टी दाखवली आणि म्हणाले, "रावसाहेब, रिटायर होण्याआधी मला ते शून्य बघायचंय. बाकी नोकरीकडून काही मागणं नाही."

मला वाटलं, काहीतरी आध्यात्मिक आहे.

* * *

साहेबांचा एक नियम होता. पट्टी जे दाखवेल तेच रीडिंग. रोज सकाळी आमचे चौकीदार कचरू नाना पट्टी बघायचे आणि आकडा नाशिकच्या ऑफिसला फोनने कळवायचे. नाना तिथलेच, रेस्ट हाऊसचे खानसामाही तेच. एकदा त्यांनी कळवलं, "पाणी गुडघाभर हाय." साहेब असे उसळले!

"नाना, पाणी किती ते तुम्ही नाही ठरवायचं. मी नाही ठरवायचं. पट्टी ठरवेल!"

"पर साहेब, पट्टी सहा दाखवती अन् म्हस बसंना पान्यात. खाली समदा गाळच हाय!"

"मग सहा कळवा."

झालं! आम्ही सहा कळवायचो आणि वरच्या धरणावरचे लोक म्हणायचे, पिंपळकुंडला सहा फूट पाणी आहे, त्यांना कशाला सोडायचं? त्यामुळे आमच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला, टेलला, पाणी पोचायचंच नाही. टेलचे शेतकरी म्हणजे दौलत आबा. पांढरा फेटा, खणखणीत आवाज. ते दर उन्हाळ्यात ऑफिसात येऊन एकच वाक्य बोलायचे, "साहेब, कागदावरचं पानी हरभरा पीत नाय हो!"

शेवटी साहेबांनी वरिष्ठांना प्रत्यक्ष दाखवायचं ठरवलं. नाशिकहून मोठे साहेब आले. आम्ही सगळे होडीत. बंधाऱ्याच्या मधोमध होडी गाळात रुतली. मोठे साहेब घाबरून होडीची कड धरून बसले, कारण पट्टीवर सहा फूट! आहेर साहेबांनी पँट वर केली आणि त्यांच्या देखत सरळ होडीतून बाहेर पाय टाकला. पाणी घोट्याच्या जरासं वर. साहेब विजयाने म्हणाले, "बघा सर, सहा फूट!"

एवढ्यात काठावरून हाक आली, "हलू नका! आहेर साहेब, अजिबात हलू नका!"

काठावर बर्वे सर होते. नाशिकच्या एका कॉलेजात प्राध्यापक, आणि शनिवार-रविवार आमच्या बांधावर मुक्काम. डोळ्याला दुर्बीण लावून ओरडत होते, "तुमच्या मागे काळ्या मानेचा करकोचा उतरलाय! या भागात कधी दिसत नाही! पाच मिनिटं तसेच उभे राहा!"

साहेब मान न वळवता म्हणाले, "सर, काळजी करू नका. मांडीपर्यंत गाळात गेलोय, तासभर कुठे जात नाही."

पुढे बर्वे सरांनी काढलेला तो फोटो नाशिकच्या एका प्रदर्शनात लागला. पुढे आहेर साहेब, मागे करकोचा. फोटोखाली फक्त करकोच्याचं नाव होतं.

* * *

साहेबांना कोणीतरी सांगितलं की गाळ धरून ठेवतात ती काठावरची बाभळीची झाडं. ती काढा, गाळ वाहून जाईल. रीतसर परवानगी काढून बाभळी तोडल्या. गाळ जागचा हलला नाही. हलले ते बगळे!

बाभळींवर शेकड्यांनी बगळ्यांची वस्ती होती. ती सगळी उठून आमच्या रेस्ट हाऊसच्या चिंचेवर येऊन बसली. घरटी, अंडी, पिल्लं, सगळा संसार. खाली उभं राहायची सोय राहिली नाही. पांढरी जीप होती, तिचा रंग कधी बदलला कळलंच नाही.

बगळा पिल्लाला भरवायला मासा आणतो आणि पिल्लांच्या मारामारीत तो मासा खाली पडतो. दिवसातून कितीदा तरी. कचरू नानांनी लगेच रेस्ट हाऊसमधली मच्छरदाणी चिंचेखाली चारी कोपऱ्यांनी ताणून बांधली! रोज सकाळी पट्टीचं रीडिंग घ्यायचं, मग मच्छरदाणीचं. माझी बायको विचारायची, तुमच्या ऑफिसात रोज मासे कुठून येतात? मी खरं सांगायचो, वरून. तिला वाटायचं वरिष्ठांकडून.

एकदा आषाढी एकादशीला मोठे साहेब तपासणीला आले. कडक उपास. नानांनी चिंचेखालीच टेबल मांडलं, कारण आत वीज नव्हती. मच्छरदाणी त्या दिवशी धुवायला काढलेली. साबुदाण्याच्या खिचडीची ताटली समोर ठेवली, मोठ्या साहेबांनी डोळे मिटून हात जोडले आणि ताटलीत थप्पकन मरळ मासा पडला. चांगला वीतभर. आणि जिवंत!

मोठे साहेब गोठले. मी गोठलो. कचरू नाना पुढे झाले, मासा शेपटीला धरून उचलला आणि नम्रपणे म्हणाले, "साहेब, ताजा हाय. पारणं फेडायला ठेवू का?"

मोठ्या साहेबांनी पुन्हा कधी रेस्ट हाऊसवर मुक्काम केला नाही. आणि ते येत नाहीत म्हटल्यावर आहेर साहेब बगळ्यांविषयी जरा बऱ्या शब्दांत बोलायला लागले.

* * *

मग आल्या पाणवेली. नाशिक शहर जसं वाढलं तसं नदीचं पाणी खतासारखं कसदार झालं, आणि त्या पाण्यावर पोसलेल्या पाणवेली पुराबरोबर वाहत आमच्याकडे येऊन अडायला लागल्या. सगळा बंधारा हिरवागार. लांबून बघणाऱ्याला वाटायचं क्रिकेटचं ग्राउंड आहे. एका कुत्र्यालाही तसंच वाटलं आणि ते या काठावरून त्या काठावर चालत गेलं!

साहेबांनी यारी, म्हणजे क्रेन, लावून पाणवेली बाहेर काढल्या आणि बांधाच्या उतारावर ढीग घातले. म्हणाले, वाळतील, मग जाळू. पण त्याआधी पाऊस आला. पाणवेलींच्या मुळांत शहरातलं काय काय अडकलेलं होतं. निर्माल्य, बाजारातले सडके टोमॅटो, भोपळ्याच्या बिया. महिन्याभरात बांधाला झेंडूची बॉर्डर आली. मध्ये टोमॅटो. वरून भोपळ्याचे वेल. दौलत आबा बघायला आले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, "माझ्या तीन पिढ्या मळ्यात गेल्या, पर अशी बाग नाय जमली. कोन माळी ठेवला हो, रावसाहेब?"

त्याच वर्षी आम्हाला बांधाच्या दुसऱ्या बाजूला वृक्षारोपण करायचं टार्गेट होतं. खड्डे खणले, रोपं लावली, पाणी घातलं, कुंपण केलं. एकूणएक मेली. आणि सुशोभीकरणाची तपासणी करायला जी समिती आली, ती नेमकी झेंडूच्या बाजूने आली!

बक्षीस समारंभात आहेर साहेबांना व्यासपीठावर बोलावून शाल दिली. "या बागेमागची प्रेरणा सांगा," असं निवेदक म्हणाला. साहेब खोटं बोलणारे नव्हते. माइकजवळ गेले आणि म्हणाले, "आम्ही ही जाळणार होतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना विनय वाटला.

* * *

दौलत आबांच्या हरभऱ्यावर हिवाळ्यात दुसऱ्या जातीचे, दाणे खाणारे करकोचे उतरायचे. हजारो मैलांवरून यायचे आणि आबांच्याच वावरात जेवायचे. आबांनी फटाके लावले. दोन दिवस पाखरं उडाली, तिसऱ्या दिवसापासून फटाका वाजला की उलट यायला लागली. आबांचा गडी फटाका लावून घरी जातो, म्हणजे आता वावर मोकळं, हे त्यांना कळलं होतं!

मग आबांनी डोकं चालवलं. बर्वे सर एकदा त्यांची टोपी, खाकी जाकीट आणि मोडकी दुर्बीण बांधावर विसरून गेले होते. आबांनी ते सगळं एका बुजगावण्याला चढवलं आणि वावराच्या मध्ये उभं केलं. "ह्यो मानूस लांबून दिसला की पाखरं सरकत्यात, म्या सोता पाह्यलंय," असं त्यांचं म्हणणं.

करकोच्यांनी बुजगावण्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पण रविवारी नाशिकहून पक्षी बघणाऱ्यांची एक बस आली. त्यांनी रस्त्यावरून पाहिलं, बर्वे सर हरभऱ्यात उभे आहेत. अर्धा तास झाला तरी हललेले नाहीत. सर एवढे स्तब्ध आहेत म्हणजे समोर काहीतरी अद्भुत असणार! सगळी बस उतरली, चपला काढल्या, आणि तीस-पस्तीस माणसं पाय न वाजवता बुजगावण्याच्या मागे जाऊन उभी राहिली. कोणी सरांना हाक मारेना, त्यांची एकाग्रता मोडेल म्हणून.

तेवढी माणसं वावरात बघून करकोचे उठले ते थेट पलीकडच्या तालुक्यात गेले.

दुपारी खरे बर्वे सर स्कूटरवरून आले. आपल्या मागे उभी असलेली आपली माणसं त्यांनी बघितली, मग स्वतःला बघितलं. हळूच चपला काढल्या आणि रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. नंतर मला म्हणाले, "म्हटलं, काय दिसतंय ते आधी बघू!"

आबांनी त्या वर्षीपासून प्रत्येक हंगामात बुजगावण्याला तेच जाकीट घातलं.

* * *

मध्ये साहेबांची दोनदा बदली झाली. दोन्ही वेळा खटपट करून परत आले. लोक मलईच्या जागेसाठी वशिला लावतात, हे गाळासाठी लावायचे!

परत आल्यावर त्यांनी गावकऱ्यांना गोळा केलं आणि गाळ शेतात न्यायची मुभा दिली. काळाभोर, लोण्यासारखा गाळ. ट्रॅक्टरची रांग लागली. साहेबांनी सगळ्यांना पट्टीजवळच खणायला लावलं. चार फुटांचा आकडा वर आला, मग तीनचा, मग दोनचा. साहेब रोज संध्याकाळी खड्ड्यात उतरून आकडे हाताने पुसायचे. आम्ही सगळेच येडे झालो होतो. कचरू नाना पट्टीला उदबत्ती लावायचे. एक फूट उघडा पडला त्या दिवशी साहेब म्हणाले, "उद्या सकाळी, रावसाहेब!"

त्या संध्याकाळी वळवाचा पाऊस आला. नदीला लोंढा आला आणि सकाळी खड्डा नव्हता. पट्टी पुन्हा पाच फुटांपर्यंत गाळात, आणि त्या ताज्या, मऊ गाळावर बदकं बसलेली. बर्वे सर आनंदाने नाचत होते. "साहेब, काय सुंदर दलदल केलीत!"

साहेब बांधावर बसून राहिले. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. मी चहा नेऊन दिला तर म्हणाले, "मन्हा बंधारा शे हाऊ. पण मन्ह कोणी ऐकत नही."

* * *

आता शेवटचा.

साहेबांच्या रिटायरमेंटला वर्षही उरलं नव्हतं. त्या पावसाळ्यात गोदावरीला असा पूर आला की आमचं ऑफिस दोन दिवस पाण्यात. मी कुटुंबाला घेऊन गच्चीवर. पूर ओसरला, पण त्यानंतर हिवाळाभर पाणी गढूळ आणि खोल. उन्हाळ्यात कालव्याला पाणी सोडून बंधारा हळूहळू रिकामा झाला, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला कचरू नाना ऑफिसात धावत आले. धापा टाकत होते.

"साहेब, चला! गाळ गेला! पुरानं खरवडून नेला!"

आम्ही पळालो. पट्टी तळापर्यंत उघडी. पाच, चार, तीन, दोन, एक, आणि त्याखाली, स्वच्छ वाळू-खड्यांच्या जरासं वर, तीस वर्षांपूर्वीचं पांढऱ्या रंगातलं शून्य!

साहेब गुडघ्यावर बसले. बराच वेळ बघत राहिले. मग खदाखदा हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"रावसाहेब, हाई बघा! वाकडंच शे!"

खरंच वाकडं होतं. गोल सोडाच, चांगलं लांबट, एका बाजूला निमुळतं. थेट अंड्यासारखं! तेव्हाचे मोठे साहेब बरोबर होते. तीस वर्षं!

मला वाटलं किस्सा इथे संपला. पण दोन दिवसांनी टिटवी आली आणि बरोबर त्या शून्याच्या बुडाशी, खड्यांमध्ये तिने चार अंडी घातली.

गावात हाहाकार झाला. आमच्याकडे टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस जोरात आणि सखल जागी घातली की पाऊस कमी, असं मानतात. बांधावर घातली तर लोक पेढे वाटायचे. आणि या बाईने घातली सगळ्या पंचक्रोशीतल्या सगळ्यात खोल जागी! दौलत आबा शिष्टमंडळ घेऊन आले.

"साहेब, अंडी उचलून वर ठिवा. बांधावर. नायतर यंदा एक थेंब नाय पडायचा."

"आबा, अंडी मी कशी उचलू? टिटवी सोडून जाईल त्यांना!"

"मग निदान पाच फुटावर तरी!"

तेवढ्यात नाशिकहून निरोप आला, वरच्या धरणातून उन्हाळ्याचं शेवटचं आवर्तन सोडतोय, उद्या संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे पाणी पोचेल, बंधारा भरून घ्या. कालव्याचा शेवटचा हप्ता तो. बंधारा भरला की शून्य पाण्याखाली, आणि अंडीही.

साहेब पट्टीसमोर उभे राहिले. टिटवी त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालून शिव्या देत होती. मी म्हटलं, "साहेब, तुम्हाला शून्य बघायचं होतं, बघून झालं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

"रावसाहेब, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या किती आहेत?"

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव गोण्यांमध्ये गाळ भरत होतं. पट्टी बांधाला लागून होती, म्हणून तिच्याभोवती अर्धगोल भिंत उभी केली, बाहेरून काळ्या गाळाचा लेप. आमच्या खात्याने बांधलेलं, आणि जवळपास न गळलेलं, माझ्या माहितीतलं हे एकमेव काम! थोडंसं पाझरायचं, ते उपसायला आबांनी स्वतःचं पाण्याचं इंजिन लावलं. पाऊस कमी पडेल म्हणणारे आबा! मी विचारलं तर म्हणाले, "अंडी तळाला हायती खरी, पर बुडाली नाय. आता पाऊस कमी का जास्त, ते आमचं ठरंना. ठरंस्तोर राहू दे."

बर्वे सर बघायला आले. भिंतीवरून डोकावले आणि हताश होऊन म्हणाले, "टिटवी? अहो साहेब, ही आमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये असते! मी रोहित पक्ष्यांसाठी एक पाइप हलवा म्हटलं तर तुम्ही हलवला नव्हता!"

"रोहितांनी कुठे अंडी घातली होती शून्यावर?" साहेब म्हणाले.

पाणी आलं. बंधारा काठोकाठ भरला. बांधालगत भिंतीच्या आत कोरडी खडखडीत विहीर, तिच्या तळाला टिटवी. आणि सकाळी नेहमीप्रमाणे कचरू नानांनी पट्टी बघितली आणि नाशिकला कळवलं.

"शून्य."

नाशिकहून लगेच साहेबांना फोन. "आहेर, अहो काल एवढं पाणी सोडलं, गेलं कुठे?"

"सर, पट्टी शून्य दाखवते."

"जमिनीत मुरलं असेल. अजून सोडतो!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्य. पुन्हा पाणी. बंधारा भरलेला, कालवा दुथडी, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा टेलला पाणी पोचलं. दौलत आबा वावरात पाण्यात उभे राहून रडले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. नाशिकचं ऑफिस रोज चक्रावत होतं, आणि आमचे साहेब रोज तेच सांगत होते, "मी काय ठरवणार, सर? पट्टी ठरवते." नानाही आता कधी गुडघाभर म्हणाले नाहीत.

मे महिन्याची एकतीस तारीख आली. साहेबांचा शेवटचा दिवस. चार्ज घ्यायला नाशिकहून तरुण डेप्युटी आले, इस्त्रीचा शर्ट, नवा मोबाइल. वाटेत जीपमध्ये मला म्हणाले, "कोरड्या बंधाऱ्याचा चार्ज घ्यायचा म्हणजे डोक्याला ताप आहे हो."

बांधावर चढले आणि थांबले. समोर पाणीच पाणी. वाऱ्याने लाटा उठत होत्या. त्यांनी कागद बघितला, पाणी बघितलं, पुन्हा कागद बघितला.

"साहेब, हे... रेकॉर्डला तर शून्य आहे!"

"आहेच," आहेर साहेब म्हणाले आणि त्यांना हाताला धरून गोण्यांच्या भिंतीपाशी नेलं. नवे साहेब खाली वाकले. टिटवी सूं करून उठली आणि त्यांच्या नव्या हेअरकटला चोचीने शिवून गेली.

"हळू बोला," आहेर साहेब कुजबुजले. "अजून उबतंय ते."

एवढ्यात नवा मोबाइल वाजला. नाशिकहून मोठे साहेब. इतक्या मोठ्याने बोलत होते की आम्हालाही ऐकू येत होतं. "पोचलात? बघितलंत? आता तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघून सांगा, पाणी किती आहे?"

नव्या साहेबांनी काठोकाठ भरलेल्या बंधाऱ्याकडे बघितलं. मग खाली, पट्टीकडे. कालव्याच्या पाळीवर दौलत आबा फेटा काढून उभे होते. कचरू नाना श्वास रोखून. आहेर साहेबांनी डोळे मिटून घेतले होते.

"शून्य, सर," नवे साहेब म्हणाले.

आहेर साहेबांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे वळले.

"रावसाहेब, माणूस चांगला शे. चार्ज देऊन टाका."